गिऱ्हाइकाचा नॉब

काकांचा फोन आला तेव्हा मी एका लिफ्टसाठी दार बंद होण्याचा आवाज बनवत होतो. हसू नका, यावरच माझं पोट चालतं. लिफ्टचं दार मिटताना होणारा मऊ 'टुंग', कपडे धुऊन झाल्यावर वॉशिंग मशीन म्हणतं ते दोन सुरांचं गाणं, फोनवर ताटकळत असताना तुमच्या कानात जे काही ओतलं जातं ते... यातलं बरंच काही माझ्या घराच्या मागच्या खोलीत तयार होतं. तुम्ही मला शिव्याही दिल्या असतील, फक्त कोणाला देतोय ते तुम्हाला माहीत नव्हतं.

"कामात आहेस का?" काकांनी विचारलं. काका म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. "असशील तर राहू दे. फक्त एक पिशवी न्यायची होती. तुझ्याकडे ठेवशील का थोडे दिवस?"

"कसली पिशवी?"

"सुया आहेत. विणकामाच्या." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तिच्या केसांच्या पिनाही आहेत."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. काकांनी दारातच पिशवी हातात दिली, चांगली गाठ मारलेली. आतून लोखंड वाजत होतं. विणकामाच्या सुया, क्रोशाचे हूक, पिना आणि घरातले होते नव्हते तेवढे स्क्रू ड्रायव्हर. काकांची दाढी वाढली होती आणि सदऱ्याची बटणं एकाआड एक लागली होती. आदल्या दिवशी त्यांना आत्या न्हाणीघरात सापडली होती. आरशासमोर उभी, विणकामाची सुई कानाच्या भोकाशी धरलेली.

"टोचणार नव्हते मी," आत्या आतून ओरडली. "नुसती ठेवून बघत होते. ह्यांना सगळ्याचं नाटक करायला हवं."

आत्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होती. रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून खडखडत जायच्या आणि तडा गेलेली दिसली की ती उचलून बाजूला टाकायची. सगळी उमर तिने त्या खडखडाटात काढली. निवृत्त झाली, घरी आली, आणि ज्या दिवशी घरात पहिल्यांदा नीट शांतता झाली त्या दिवशी तिच्या कानात आवाज सुरू झाला. तो थांबेना. झोप गेली, मग जेवण गेलं, मग तिचा तो सगळ्यांची टर उडवणारा स्वभावही जायला लागला. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की कानात काही नाही, वर्षानुवर्षं गोंगाटात राहिलेल्या माणसांना असं होतं, सवय करून घ्या. सवय व्हायच्या आत ही बाई स्वतःच्या कानात काहीतरी खुपसून घेणार, हे काकांना कळलं होतं. मलाही ती पिशवी हातात घेतल्यावर कळलं.

मी आत जाऊन तिच्या पलंगावर बसलो. खोलीत बामचा वास कोंडला होता. पंखा मुद्दाम लावलेला, खडखड करणारा.

"कसा आवाज आहे?" मी विचारलं.

"तू पण डॉक्टर झालास का, भोंग्या?" भोंग्या म्हणजे मी. लहानपणी रडायला लागलो की गल्ली गोळा व्हायची, त्याचं हे बक्षीस.

"नाही. पण आवाज हाच माझा धंदा आहे. काढून दाखव."

तिने डोळे मिटले. आधी बारीक शिट्टी वाजवली. मग मान हलवली, म्हणाली, हे एकटं नाही, याच्या जोडीला आणखी एक आहे, दोघं एकमेकांना घासतात. खाली कुठेतरी फ्रिज चालू असल्यासारखी घरघर. आणि सगळ्यावर नळ अर्धवट सोडल्यासारखी फसफस. ती सांगत होती आणि मी मनातल्या मनात नॉब फिरवत होतो. खरं सांगायचं तर मला माणसांपेक्षा आवाजांबद्दल लवकर आस्था वाटते. तिचा आवाज मला आवडला. मी म्हटलं, "उद्या माझ्याकडे ये. तुझ्या कानातला आवाज मी बाहेर काढून दाखवतो."

माझी मागची खोली बघण्यासारखी नाही. भिंतींना काळा फोम चिकटवलेला, खिडकीवर जाड पडदा, कडेने दिवसाची एक उभी रेघ तेवढी आत येते. दार लावलं की बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं होतं. नवीन माणूस तिथे आला की पहिल्यांदा खाकरतो, कारण त्याला स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू येते आणि ते कोणालाच आवडत नाही. फोमला उन्हाळ्यात एक रबरी, आंबूस वास सुटतो. आत्या आली ती नाक मुरडतच आली.

मी वापरतो तो सिंथेसायझर, म्हणजे सूर तयार करायचं यंत्र, खरा नाही. पूर्वी लाकडी पेटीत एक यंत्र मिळायचं, त्याची ही कॉम्प्युटरवरची नक्कल. पडद्यावर लाकूडसुद्धा काढलेलं आहे. शेजारी एक खोकं जोडलंय, त्यावर खरे नॉब आहेत, म्हणजे हाताला धरायला काहीतरी मिळतं. त्या यंत्रात आवाज एकमेकांत मिसळायचा, मिक्सर नावाचा एक रकाना असतो. पाच नॉब, एकाखाली एक. पहिल्या दोनांतून सूर येतात. तिसऱ्यातून त्यांच्या खालचा खर्ज. चौथ्यातून फक्त फसफस. पाचवा बाहेरच्या आवाजासाठी असतो. मूळ यंत्राला पाठीमागे एक भोक असायचं, त्यात माईक खुपसला की त्याचा आवाज या नॉबमधून आत यायचा. माझ्याकडे त्या भोकाचं नुसतं चित्र आहे. मी त्याला कधीच काही जोडलेलं नव्हतं.

तरीही तो पाचवा नॉब माझ्या फार उपयोगी पडायचा. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक शेजारी येऊन बसतं आणि म्हणतं, जरा अजून ऊब हवी. ऊब म्हणजे काय ते त्यालाही माहीत नसतं. अशा वेळी मी गंभीर चेहरा करून पाचवा नॉब हळूहळू उघडायचो. त्यातून काहीही येत नाही. गिऱ्हाईक डोळे मिटून ऐकायचं आणि म्हणायचं, हां, आता कसं, बघा किती फरक पडला. एकदा तर एका साहेबांच्या हातातच दिला, त्यांनी अर्धा तास फिरवला आणि खूश होऊन गेले. आमच्यातल्या प्रत्येकाकडे असा एखादा नॉब असतो. मी माझ्याला गिऱ्हाइकाचा नॉब म्हणायचो.

मी आत्याला हेडफोन घातले आणि सगळे नॉब बंद केले. मग पहिला उघडला. "वर असेल तर बोट वर कर, खाली असेल तर खाली." तिचं बोट वर, वर, जरा खाली, थांब. मग दुसरा, त्याच्या अगदी शेजारी, इतका जवळ की दोघांच्या घासण्यातून एक थरथर उमटली. तिचे खांदे ताठ झाले. खर्ज थोडासाच. मग फसफस. फसफस मी वाढवत नेली तर ती म्हणाली, शिट्टी कमी ऐकू येते. शिट्टी वाढवायला गेलो तर सगळाच आवाज जाड होऊन फुटायला लागला. हे नवशिक्याला समजत नाही. मिक्सरमध्ये एखादी गोष्ट कमी ऐकू येत असेल तर ती वाढवायची नसते, बाकीच्या कमी करायच्या असतात. म्हणजे दडलेलं आपोआप पुढे येतं.

तसं केलं. मग तिचं बोट हवेतच राहिलं आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"हाच," ती म्हणाली. "अरे, हाच. तू ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मला वाटलं होतं मी वेडी झालेय."

तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मला तेव्हा बरं वाटलं, फार बरं वाटलं. माझ्या कुठल्याच लिफ्टसाठी कोणी असं रडलेलं नाही.

पुढची कल्पना माझीच. बाहेरचा आवाज आणि कानातला आवाज एकमेकांत मिसळून गेले, की बाहेरचा किंचित किंचित कमी करत न्यायचा. कान त्याच्या मागोमाग येतो का बघायचं. काकांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, याला काही आधार नाही, पण आवाज लहान ठेवलात तर नुकसानही नाही. मग आत्या रोज सकाळी काकांच्या स्कूटरवर मागे बसून येऊ लागली. काका तिला सोडून भाजीला जायचे, येताना घेऊन जायचे.

आणि ते जमलं. का जमलं ते मला विचारू नका. पहिली शिट्टी मी नखभर नखभर उतरवत बंद केली आणि एके सकाळी आत्या म्हणाली, कानातली पण गेली. मग दुसरी गेली. मग घरघर. ती झोपायला लागली. जेवायला लागली. काकांच्या सदऱ्याची बटणं जागच्या जागी आली. तिने माझी टर उडवायला सुरुवात केली, माझ्या खोलीला माकडाचा पिंजरा म्हणाली, माझं लग्न न झाल्याचं कारण हा फोमचा वास असल्याचं जाहीर केलं. एके दिवशी तिने सुयांची पिशवी मागून घेतली. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, आणि काका जिन्यात जाऊन रडले. मला वरून दिसत होते.

आता चौथा नॉब तेवढा राहिला होता. फसफस.

मी तो उतरवायला लागलो तशी आत्या गप्प होत गेली. दुसऱ्या दिवशी तिने माझं मनगट धरलं.

"एवढं राहू दे."

"आत्या, हे शेवटचं आहे. हे गेलं की संपलं."

"राहू दे म्हटलं ना. एवढ्याने मला काही त्रास नाही."

"कालपर्यंत तर तुला शांतता हवी होती."

ती खिडकीच्या पडद्याच्या कडेच्या उजेडाकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "फसफस आहे तोवर ते नीट ऐकू येत नाही."

"काय ते?"

"विचारतं कोणीतरी."

मी खुर्ची वळवली. ती मांडीवर हात ठेवून बसली होती, दवाखान्यात बसावं तशी. घाबरलेली नव्हती. एखादं जुनं दुखणं सांगावं तसं तिने सांगितलं. लहानपणी दुपारी घरात ती एकटी असली की यायचं. पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं. शब्द कळत नाहीत, पण विचारण्याचा सूर कळतो. दारावर आलेला माणूस विचारतो तसा. घरात कोण कोण आहे, असं काहीतरी. विचारून झालं की थांबतं. उत्तराची वाट बघतं. मग पुन्हा विचारतं. न चिडता.

"मग तू काय करायचीस?"

"गाणं म्हणायचे. भांडी वाजवायचे. पुढे कारखान्यात लागले आणि सुटले. तिथल्या बायका आवाजाला कंटाळून महिन्याभरात पळायच्या. मी कशी टिकले, वाटतं तुला?" ती हसली, पण पूर्ण नाही. "हा फसफस आवाज माझा मीच काढत असेन कानात. पांघरूण घेतल्यासारखा."

मला त्याची कारणं माहीत होती आणि मी ती तिला दिली. नुसती फसफस बराच वेळ ऐकली की माणसाचं डोकं तिच्यात बोलणं शोधायला लागतं. चालू पंख्यात लोकांना हाका ऐकू येतात. मीही हेडफोन लावून तासन्‌तास बसलो की मला नाव घेतल्याचा भास होतो. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल." म्हातारी माणसं हा शब्द वाद संपवायला वापरतात.

पण माझं काम अर्धवट राहत होतं, आणि अर्धवट काम मला सोसत नाही. शिवाय फसफस आज बारीक आहे, उद्या वाढली तर बाकीचे आवाजही परत येणार, आणि मग ती पिशवीही परत येणार, याची मला भीती होती. तेव्हा मी आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय केला.

दुसऱ्या दिवशी मी तिला हेडफोन दिले नाहीत. स्पीकर लावले. नॉबचं खोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिचा हात पाचव्या नॉबवर ठेवला.

"आजपासून फसफस तुझ्या हातात. नकोसं वाटलं की वाढवायची. मी शिवणारसुद्धा नाही."

"हा का? काल तर तू वरचा फिरवत होतास."

"बदललाय."

तिचा माझ्यावर विश्वास होता. तिने दोन बोटांनी नॉब धरला आणि निवांत झाली. मी माऊस हातात घेतला आणि पडद्यावरचा चौथा नॉब उतरवायला लागलो. अगदी सावकाश. केस पांढरे होतात ते कोणाला दिसतं का, तसं.

खोली हळूहळू रिकामी होत गेली. फोमचा वास आला. कॉम्प्युटरचा पंखा ऐकू यायला लागला, मग आत्याचा श्वास, मग बांगड्यांची बारीक किणकिण. फसफस शून्यावर आली. आत्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, झालं. सुटली.

मग तिच्या कपाळाला आठी पडली आणि तिने नॉब उघडला. थोडा. आणखी थोडा.

"हां... आता बरंय," ती म्हणाली.

मी मनात हसलो. गिऱ्हाइकं सगळी सारखीच. तेवढ्यात माझं लक्ष पडद्यावर गेलं. आवाजाची पातळी दाखवणारी जी हिरवी पट्टी असते, ती तळाशी निपचित असायला हवी होती. चारही नॉब बंद, पाचव्याला काही जोडलेलं नाही. पट्टी हलत होती. वर जायची, जरा टिकायची, खाली यायची. मग काही वेळ काहीच नाही. मग पुन्हा वर.

आत्याने नॉब आणखी उघडला.

स्पीकरमधून खोली आली. दुसरं कसं सांगू... माझ्या खोलीत दुसऱ्या एखाद्या खोलीतली हवा सोडल्यासारखं वाटलं. मोठी, उघडी, दुपारची खोली. आणि तिच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी बोललं. पुरुषाचा आवाज म्हणता येणार नाही, बाईचाही नाही. शब्द एकही कळला नाही. पण शेवटी सूर वर गेला आणि तिथेच थांबला. विचारलं होतं. अगदी अदबीने. मग ते थांबलं, आणि त्या थांबण्यात कोणीतरी उभं होतं.

मी माऊस सोडून दिला. डोकं मात्र आपली कारणं शोधत होतं. कुठली तरी वायर रेडिओ पकडत असेल, यंत्र आपलाच आवाज फिरवून आत घेत असेल. मी आत्याकडे वळलो. मला वाटलं होतं ती घाबरली असेल. ती घाबरलेली नव्हती, ती वैतागली होती. आजवर जे फक्त तिच्याच कानात यायचं ते आज पहिल्यांदा बाहेरून आलं होतं, त्यामुळे तिने ते ओळखलंच नाही. तिला वाटलं, माझ्या दारावर कोणीतरी आलंय.

पुन्हा विचारलं गेलं. या वेळी जरा जवळून.

"आत्या," मी म्हणालो, "नको..."

पण कोणी दारावर चौकशीला आलं की आपल्याकडच्या बायका जे म्हणतात, तेच तिने म्हटलं. मान वळवून, सवयीने, दोन्ही हात कामात असताना म्हणावं तसं.

"मला काही माहीत नाही बाई! हे घरी असतात संध्याकाळी. जे काय असेल ते ह्यांना विचारा."

पट्टी खाली पडली.

असं म्हणतात ना, की आवाज थांबला. तसं नव्हतं. ती दुसरी खोलीच निघून गेली. आत्या नॉब धरून बसली होती. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"भोंग्या... मी कोणाशी बोलले रे?"

"कोणाशी नाही. बाहेर कुरिअरवाला असेल."

तिने मान तिरकी केली. कितीतरी वेळ ऐकत राहिली. मीही ऐकत होतो. स्वतःच्या नाडीशिवाय मला काही ऐकू आलं नाही.

"गेलं," ती म्हणाली. "सगळं गेलं. अरे, काहीच नाही... काहीच नाहीये." आणि ती हसायला लागली, लहान मुलीसारखी, तोंडावर हात दाबून. तितकं आनंदी माणूस मी त्या खोलीत कधी पाहिलं नाही. काका भाजीची पिशवी घेऊन वर आले तेव्हा तिने माझ्यासमोर त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. काका लाजले. कोथिंबीर खाली पडली. मी ती उचलून दिली.

ते गेल्यावर मी पाचव्या नॉबची तपासणी केली. त्याला काही जोडलेलं नव्हतं. मी काम करताना खोलीतलं सगळं एका वेगळ्या माईकवर आपोआप रेकॉर्ड होत राहील अशी सोय केलेली आहे, तेही ऐकलं. आत्याचं बोलणं होतं. तिच्याआधी, जिथे विचारलं गेलं होतं तिथे, कोरी शांतता. तिच्यानंतर मात्र एक बारीकसा आवाज होता. शब्द नव्हे. पण निरोप मिळाला की आपण 'बरं' म्हणतो आणि वळतो, त्याचा जो सूर असतो, तो होता.

मी तो सिंथेसायझर कॉम्प्युटरवरून काढून टाकला. लिफ्टचं काम दुसऱ्याला दिलं. आत्याचे फोन येत होते. बरी होती, स्वेटर विणत होती, शेजारणींच्या भानगडी सांगत होती. मी दर वेळी विचारायचो, काका कसे आहेत. "त्यांना काय धाड भरलीय," ती म्हणायची. "हल्ली जरा गप्प असतात. वय झालं." काही आठवडे मी तिकडे गेलो नाही. मग एका रविवारी तिने जेवायला बोलावलंच, आणि टाळायला कारण उरलं नाही.

दुपारची वेळ. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, घर उन्हाने भरलेलं. आत्या स्वयंपाकघरात होती. तिचं गाणं इथवर ऐकू येत होतं, सूर सोडून, पण मोकळ्या गळ्याने. काका बाहेरच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मी आत आल्यावर त्यांनी दार परत लावून घेतलं. त्यांनी माझ्याकडे बघून ओळखीचं हसू केलं आणि बसायची खूण केली.

"काय म्हणता, काका?"

ते काही बोलणार होते, तोवर त्यांनी एक बोट वर केलं. मला थांबवलं. फोनवर दुसऱ्याचं बोलणं आलं की करतात तसं. त्यांच्या हातात फोन नव्हता. त्यांनी मान बंद दाराकडे किंचित वळवली.

काका आयुष्यात कोणाशी खोटं बोललेले नाहीत. विक्रेता आला तरी त्याला पाणी देतात, घरात किती माणसं, कोण काय करतं, सगळं सांगून टाकतात. आत्या त्यावरून त्यांना किती बोलायची.

"हो, आहे की," काका दाराला म्हणाले. हळू, अदबीने. "ही आत आहे. मी आहे. आणि भाचा आलाय आत्ताच."

मी उठलो. "काका..."

त्यांचं बोट वरच होतं. ते लक्ष देऊन ऐकत होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता थकवा होता. रोज तेच तेच सांगावं लागणाऱ्या माणसाचा.

"नाही, नाही. तो इथे नसतो," ते म्हणाले. थोडं थांबले. "एकटाच असतो."

आतून आत्याने गाणं थांबवून विचारलं, "कोण आलंय हो?"

"कोणी नाही," काका मागे न बघता म्हणाले. "चौकशीला आलेत." मग पुन्हा दाराकडे कान केला. यावेळी बराच वेळ. मग त्यांनी माझा पत्ता सांगितला. रस्ता, इमारत, जिना चढून डावीकडचं दार. व्यवस्थित, घाई न करता, समोरचा लिहून घेत असावा तसं थांबत थांबत. शेवटी जरासे पुढे वाकले आणि म्हणाले, "बेल वाजत नाही त्याची. आवाज द्यावा लागेल."

त्याच दिवशी घरून निघताना कुलूप लावत होतो, तेव्हा माझा कोपर बेलवर दाबला गेला आणि बेल वाजली नाही. बंद पडली असेल, बघू आल्यावर, असं मनात म्हणून मी जिना उतरलो होतो. तेव्हा तिथे कोणी नव्हतं, आणि मी ते मोठ्याने म्हटलं नव्हतं.